दहा मिनिटांवरची कॉफी

*ताई, मी ६४ वर्षांची. साताऱ्याला ३० वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दोन वर्षांपूर्वी हे गेले आणि मुलीनं मला बंगळूरला आणलं. बसवनगुडीत, गांधी बझारच्या जवळच घर आहे. लेक-जावई नोकरीवर, नातू शाळेत. दुपारी तीननंतर घर खायला उठतं. बाहेर कुठेतरी अर्धा तास बसावं, चार माणसं दिसावीत, एवढंच वाटतं. मुलीनं शहरातल्या नावाजलेल्या कॉफीच्या ठिकाणांची यादी मोबाइलवर पाठवली. रिक्षानं चार ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी अडीचशे रुपयांची कॉफी, आणि गाणी इतकी मोठ्यानं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दुसरीकडे पाऊण तास रांगेत उभी राहिले आणि आत गेल्यावर दहा मिनिटांत उठावं लागलं. गुडघे दुखतात, थायरॉइडची गोळी चालू आहे. जन्मभर चहा प्यायले, कॉफीतलं मला काही कळत नाही. कन्नडही येत नाही. एकट्या बाईनं कुठे बसावं, आणि जागा चांगली आहे हे ओळखावं कसं?*

*– एक वाचक, बंगळूर*

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘दुपारी तीननंतर’ या शब्दांपाशी थांबले. मीही नऊ वर्षं बंगळूरला काढली आहेत, मल्लेश्वरमला. यजमानांची बँकेतली बदली, मुलगा शाळेत, आणि मी पुण्याची, चहाशिवाय दिवस सुरू न होणारी. तीन ते साडेचारची ती वेळ मला चांगली ठाऊक आहे. ओटा पुसून झालेला असतो, पडून उठणंही झालेलं असतं, खालून फेरीवाल्याची हाक येते पण तो काय विकतोय ते कळत नाही, आणि पुण्याला फोन करावा तर सगळे आपापल्या व्यापात. त्या दुपारींनी मला जे शिकवलं तेच तुम्हाला सांगते.

आधी ती यादी बाजूला ठेवा. मुलीनं मायेनं पाठवली आहे, तिचा त्यात काही दोष नाही. पण असल्या याद्या दोन दिवसांसाठी शहरात आलेल्या माणसाच्या उपयोगाच्या. त्याला एकदाच जायचं असतं, तो रांगेत उभा राहील, रिक्षाला दोनशे रुपये देईल, फोटो काढेल आणि परत जाईल. तुम्हाला तिथे राहायचं आहे. तुमची जागा अशी हवी की मंगळवारी दुपारी, अंगात फारसा उत्साह नसताना, साडी न बदलता पायांत चपला सरकवून जाता आलं पाहिजे. रिक्षा करावी लागली की तो बेत होतो, आणि बेत रोज होत नाहीत.

म्हणून सुरुवात घराच्या फाटकापासून करा. दहा मिनिटं चालून कुठवर जाता येतं ते बघा. बंगळूरच्या फुटपाथांचं तुम्हाला सांगायला नको, मध्येच फरशी उचकटलेली, मध्येच ट्रान्सफॉर्मर. ज्या वाटेवर मोठा चौक ओलांडावा लागत नाही, झाडांची सावली आहे आणि मध्ये कुठे टेकायला एखादा कट्टा आहे, ती वाट धरा. तुमचा भाग या बाबतीत खरोखर भाग्याचा आहे. गांधी बझारात फुलांचे ढीग, केळीची पानं, पूजेचं साहित्य, शेजारी डी. व्ही. जी. रस्ता, पलीकडे ब्यूगल रॉकची बाग. कॉफीला जाता जाता चार गोष्टी बघून होतात. छत्री मात्र पिशवीत कायम ठेवा. एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे दुपार कलताना पाऊस येतो तो सांगून येत नाही.

आता या वर्तुळात काय काय सापडेल ते सांगते, कारण बाहेरून सगळ्या पाट्या सारख्याच दिसतात. आपल्याकडे आपण सरसकट ‘उडुप्याचं हॉटेल’ म्हणून मोकळे होतो. बंगळूरला त्यात पोटभेद आहेत. एक म्हणजे दर्शिनी. १९८३ साली जयनगरला कॅफे दर्शिनी नावाचं छोटं हॉटेल निघालं, तिथून हा प्रकार शहरभर पसरला. आधी काउंटरवर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, ती आतल्या माणसापुढे ठेवायची आणि उंच गोल स्टीलच्या टेबलाशी उभं राहून खायचं-प्यायचं. स्वच्छ, झटपट, स्वस्त. कॉफी बहुतेक ठिकाणी उत्तम. पण खुर्ची नाही! तुमच्या गुडघ्यांना दर्शिनी रोज झेपणार नाही. बाजारातून येताना पाच मिनिटं थांबण्यापुरती ती ठीक. रोजच्या बसण्यासाठी तिचा विचार करू नका, कॉफी कितीही चांगली असली तरी.

शंकरपुरमचा ब्राह्मिन्स कॉफी बार तुमच्या यादीत नक्की असेल. १९६५ पासूनचं ठिकाण, इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी, एवढाच पसारा. सांबार मिळत नाही, फक्त चटणी, आणि ती चटणी खाण्यासाठी लोक लांबून येतात. तिथेही उभं राहायचं किंवा बाहेर जिथे जागा मिळेल तिथे टेकायचं. नातवाला घेऊन एखाद्या सकाळी जाऊन या, पण ती तुमची दुपारची जागा नव्हे.

दुसरा प्रकार बसून खायच्या जुन्या हॉटेलांचा. गांधी बझारातलं विद्यार्थी भवन १९४३ सालचं, आसपासच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी सुरू झालेलं, म्हणून नाव तसं. एकाच हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत रचून वाढपी येतो, ते एकदा बघाच. लालबाग रस्त्यावरचं एमटीआर त्याहून जुनं, १९२४ चं. ही दोन्ही ठिकाणं शनिवार-रविवारी सकाळी टाळा. पाऊण तासाची रांग तुम्ही बहुधा अशाच कुठल्या तरी दिवशी लावली असणार. हीच ठिकाणं आडदिवशी, दुपारचं दार उघडल्या उघडल्या निवांत असतात. यांतली बरीच हॉटेलं दुपारी दोन-अडीच तास बंद ठेवतात. ती वेळ आधी बघून ठेवली की हेलपाटा पडत नाही. विद्यार्थी भवनाला शुक्रवारी सुट्टी असते.

पण ताई, माझा अनुभव विचाराल तर रोजची जागा या नावाजलेल्यांत मिळत नाही. ती त्यांच्या मागच्या गल्लीत मिळते. आठ-दहा टेबलांचं हॉटेल, गल्ल्यावर मालक स्वतः किंवा त्याची बायको, भिंतीवर देवाचा फोटो आणि त्याला रोजचा ताजा हार, दारात दोन सायकली. त्याचं नाव कुठल्या यादीत नसतं आणि त्याला त्याची गरजही नसते. गिऱ्हाईक सगळं चालत येणारं.

ते शोधायची एक युक्ती सांगते. तुमच्या भागात कॉफी दळून देणारी दुकानं आहेत, लांबूनच वास येतो. एखाद्यात जा आणि पाव किलो पूड घ्या. तो तुम्हाला विचारेल, चिकोरी किती? सांगा ८०-२०. म्हणजे ८० भाग कॉफी, २० भाग चिकोरी. चिकोरी हे एक मूळ असतं, भाजून दळलेलं. त्यानं रंग गडद येतो आणि कॉफीला दाटपणा येतो, पण त्यात कॅफिन नसतं. कायद्यानं मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. स्वस्तातल्या हॉटेलांत हे प्रमाण चढं असतं. मग कॉफी दिसायला काळीभोर, पण जिभेवर करपल्या गुळासारखी चव रेंगाळते आणि वास मात्र नाही. तर पूड घेताना त्या दुकानदाराला विचारा, ‘तुम्ही स्वतः बाहेर कॉफी कुठे पिता?’ आसपासची अर्धी हॉटेलं त्याच्याकडूनच पूड नेत असतात. कोण काय दर्जाची नेतो आणि कोण प्रमाण कमी-जास्त करतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मला माझी जागा अशीच मिळाली. दुकानदारानं तोंडानं उत्तर दिलंच नाही, नुसतं बोट दाखवलं रस्त्यापलीकडे.

‘कॉफीतलं काही कळत नाही’ असं तुम्ही लिहिलं आहे. ते आठ दिवसांत कळायला लागतं. आपल्याकडे कॉफी म्हणजे उपासाला, जागरणाला, किंवा पाहुण्यांपैकी कुणी ‘चहा नको’ म्हणालं तर. दूध भरपूर, साखर भरपूर, वर जायफळ किसलेलं. ती छानच लागते, पण तिच्यात कॉफी शोधावी लागते. बंगळूरची कॉफी म्हणजे डिकॉक्शन, म्हणजे पुडीवर गरम पाणी ओतून उतरवलेला दाट अर्क, आणि उकळतं दूध, एवढंच. त्यामुळे लपवायला जागा नाही.

माझ्या त्या हॉटेलात, मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आडव्या रस्त्याच्या, बाजाराजवळ, कॉफी करणारा माणूस माझ्या टेबलावरून सरळ दिसायचा. स्टीलचे बारा पेले एका ओळीत मांडलेले. डाव्या हातात डिकॉक्शनचं भांडं, उजव्या हातात एक लहान मापटं. तो मापटं भरायचा आणि ओळीनं प्रत्येक पेल्यात ओतत जायचा. ‘स्ट्राँग’ची चिठ्ठी असेल त्या पेल्यात आणखी अर्धं मापटं. मग दुधाच्या पातेल्यात ओगराळं घालून दूध हातभर उंचीवरून एकदा, दोनदा खालीवर करायचा आणि मगच पेल्यांत सोडायचा. फेस वर यायचा, कडेपर्यंत, पण सांडायचा नाही. पातेल्यातल्या दुधावर साय धरलेली मी तिथे कधी बघितली नाही. धरायला वेळच मिळायचा नाही, इतकं दूध खपायचं. डिकॉक्शन संपत आलं की तो ओरडून आत सांगायचा आणि तळाचं उरलेलं सरळ मोरीत ओतून द्यायचा. नवं येईपर्यंत गिऱ्हाईक थांबायचं. कुणी कुरकुर करत नसे.

हॉटेल पारखायला मी त्या माणसाकडून शिकले. डिकॉक्शन उतरून फार वेळ झाला, किंवा ते पुन्हा तापवलं, की कॉफी आंबट-कडू होते, आणि ते झाकायला हॉटेलवाला साखर वाढवतो. म्हणून पहिल्या दिवशी कॉफी बिनसाखरेची मागवा. तिथे ‘शुगरलेस’ म्हटलं की कळतं. एक घोट तसाच घ्या. कडू लागेल, पण चांगल्या कॉफीचा कडवटपणा मेथीसारखा असतो, गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं. घशाशी आंबट आलं किंवा जीभ चिकट झाली तर तिथे पुन्हा जाऊ नका. मग हवी तेवढी साखर घाला, त्यात काही कमीपणा नाही. पेला उचलताना बोटं पोळली पाहिजेत. म्हणून तर खाली ती वाटीसारखी दवरा असते, तिच्यात ओतून निववत प्यायची.

तुम्ही भूगोल शिकवला आहे, तर एक गोष्ट तुम्हाला माझ्याहून चांगली समजेल. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. कोडगू, चिक्कमगळूर, हासन, हे सगळं तुमच्या घरापासून एका दिवसाच्या प्रवासात. बाबा बुडन नावाच्या सूफी संतानं सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी तिथली परंपरा सांगते. त्या डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं, त्याच झाडांवर चढवलेले मिऱ्याचे वेल. मार्च-एप्रिलचा पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत मळेच्या मळे पांढऱ्या फुलांनी भरून जातात आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. मी तो एकदाच अनुभवला आहे. त्यानंतर पेल्यातल्या कॉफीकडे मी ‘बाहेरचं पेय’ म्हणून कधी बघितलं नाही. ती त्या मातीतली वस्तू आहे, आपल्याकडच्या गुळासारखी.

याच कारणासाठी त्या अडीचशे रुपयांच्या दुकानांवर कायमची फुली मारू नका. गाण्यांचा गोंगाट आणि लॅपटॉप सोडले तर त्यांतल्या काही ठिकाणी कॉफीवर मनापासून मेहनत केलेली असते. कुठल्या मळ्यातली, कुठल्या तारखेला भाजली, हे पुड्यावर छापलेलं असतं. भाजल्याला महिना-सव्वा महिना उलटला नसेल तर ती ताजी समजा. महिन्यातून एकदा लेकीबरोबर रविवारी सकाळी लवकर जा, तेव्हा गर्दी नसते. दोघींत एक, बिनदुधाची, गाळून दिलेली मागवा. संत्र्याच्या सालीसारखी, कधी चिंचेसारखी चव लागेल. आवडलीच पाहिजे असं नाही. पण ज्या फळाची बी आपण पितो त्याची चव कशी असते ते कळेल. अशाच एका दुकानात मला एकदा येऊन विचारलं होतं, ‘मॅडम, तास झाला, आणखी काही मागवणार का?’ मी पुस्तक मिटून उठले. तो अपमान मला फार दिवस लागला होता, म्हणून सांगते, तुमच्या बाबतीत असं झालं तर स्वतःला दोष देऊ नका. जागा तुमच्यासाठी नव्हती, इतकंच.

बसण्याचा प्रश्न आला तर इंडिया कॉफी हाउसचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. या कॉफी हाउसांचा पहिला दिवा आपल्या मुंबईत, चर्चगेटला १९३६ साली लागला. पुढे कॉफी बोर्डानं ती बंद करायला घेतली तेव्हा कामावरून निघालेल्या वाढप्यांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. तशी पहिली संस्था १९५७ मध्ये बंगळूरलाच झाली. तिथलं कॉफी हाउस पूर्वी एम. जी. रोडला होतं, २००९ पासून चर्च स्ट्रीटला आहे. पांढरा गणवेश, रुंद पट्टा, डोक्यावर तुर्‍याचा फेटा. ज्याला वाढण्याचा मान आहे आणि हॉटेलात वाटाही आहे, तो माणूस गिऱ्हाइकाला उठवायची घाई करत नाही. तुमच्या घरापासून ते चालत जाण्यासारखं नाही. मेट्रोनं एखाद्या बुधवारी जाऊन या, पुस्तक घेऊन.

आता माणसांविषयी. एकट्या बाईनं बसावं का, हे तुम्ही आडून विचारलं आहे, मी थेट उत्तर देते. बसावं. बंगळूरला, विशेषतः तुमच्या भागात, बायका हॉटेलात एकट्या जातात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तरी जागा निवडताना दारात मिनिटभर उभ्या राहून आत नजर टाका. एखादी वयस्क बाई एकटी बसली आहे का? फुलवाली टोपली खाली ठेवून कॉफी पिते आहे का? वर्तमानपत्र वाचणारे आजोबा आहेत का, आणि त्यांचा रिकामा पेला उचलून नेल्यावरही ते तिथेच बसले आहेत का? तसं असेल तर आत जा. हात धुवायची जागा आणि स्वच्छतागृह पहिल्याच दिवशी बघून घ्या. आपल्या वयाला ही गोष्ट कॉफीच्या चवीइतकीच महत्त्वाची आहे, आणि कुठल्याही यादीत ती लिहिलेली नसते.

वेळ साडेतीन ते साडेचारची धरा. पाचनंतर हापिसांतली माणसं यायला लागतात, तेव्हा टेबल अडवून बसणं बरं दिसत नाही. तुमच्या झोपेसाठीही हीच वेळ बरी. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सहा वाजता घेतलेली कॉफी अकराला जागं ठेवते, आणि एकट्या माणसाला रात्री अकराचं जागरण दुपारी तीनपेक्षा जड जातं. थायरॉइडच्या गोळीचं म्हणाल तर सकाळी रिकाम्या पोटी ती पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा-पाऊण तास कॉफी किंवा चहा काही घेऊ नका, नाहीतर गोळी नीट अंगी लागत नाही. दुपारच्या कॉफीनं तिला बाधा येत नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

दोन-तीन जागा हेरल्या की त्यांतली एक धरा आणि पंधरा दिवस, त्याच वेळेला, शक्य तर त्याच टेबलाशी जा. रोज नवी जागा बघत फिरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या दिवशी तुम्ही कुणीतरी बाई असता. चौथ्या दिवशी गल्ल्यावरचा माणूस मान हलवतो. आठवड्यानं वाढपी विचारतो, ‘स्ट्राँग, शुगर कम्मी, अल्वा?’ (अल्वा म्हणजे ‘हो ना?’) मला हे पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा मला अक्षरशः भरून आलं होतं. त्या शहरात माझी साखर माहीत असलेला तो घराबाहेरचा पहिला माणूस.

भाषेची भीती सोडा. ‘ओंदु काफी कोडी’ म्हणजे एक कॉफी द्या. ‘सक्करे बेडा’ म्हणजे साखर नको. ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, आपलंच की! आणि अक्का, अण्णा, अज्जी हे शब्द तर आपल्या घरातलेच. तुम्हाला कुणी ‘अज्जी’ म्हटलं तर तो आदर समजा. वाढप्याला ‘अण्णा’ म्हणा. चुकलं तर कुणी हसत नाही, उलट दोन शब्द जास्त शिकवतात. शिक्षिकेला विद्यार्थी होताना मजा येते, बघा तुम्ही.

आणि एक गोष्ट खास तिथली, ‘बाय टू’. एक कॉफी मागवायची आणि दोन पेल्यांत अर्धी-अर्धी घ्यायची. हॉटेलवाला तोंड वाकडं करत नाही, दोन पेले आणून देतो. माझ्या टेबलाशी एक बाई यायच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात कायम विणकाम. तीन आठवडे आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. एके दिवशी त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी कॉफी निम्मी करायला सांगितली आहे, बाय टू घेऊ या का? त्या दिवसापासून मी बंगळूर सोडेपर्यंत आम्ही एक कॉफी दोघींत प्यायलो. त्यांना मराठी येत नव्हतं, माझं कन्नड मोडकं, हिंदी दोघींचंही बेतास बात. त्यांनी मला बिसिबेळे भाताचा मसाला शिकवला, मी त्यांना थालीपीठ. मुलाच्या दहावीच्या निकालाची बातमी मी आईच्या आधी त्यांना सांगितली, कारण तेव्हा साडेतीन वाजले होते आणि मी तिथे होते. तुम्हाला अशी बाई पंधरा दिवसांत भेटेलच असं वचन मी देऊ शकत नाही. पण रिक्षानं शहरभर फिरून ती भेटणार नाही, हे मात्र खात्रीनं सांगते.

खर्चाचं बघितलं तर गल्लीतल्या हॉटेलातली कॉफी अजूनही वीस-पंचवीस रुपयांच्या घरात आहे. महिनाभर रोज प्यायलात तरी त्या मोठ्या दुकानातल्या दोन-तीन कॉफ्यांचे पैसे होतात. सुटे जवळ ठेवा, आणि सणाला वाढप्याच्या हातावर काहीतरी ठेवा.

मुलीला यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तिला वाटत असेल की आईला आपण चांगल्या जागा दाखवल्या आणि तिला त्या आवडल्या नाहीत. म्हणून जागा ठरल्यावर, वाढप्याला तुमची साखर पाठ झाल्यावर, एखाद्या शनिवारी दुपारी तिला तिथे घेऊन जा. चालतच जा. वाटेत गांधी बझारात तिच्यासाठी गजरा घ्या. त्या दिवशी बाय टू मागवू नका, दोघींना एकेक पूर्ण कॉफी घ्या, ऑर्डर कन्नडमध्ये तुम्ही द्या आणि पैसेही तुम्हीच द्या.

तुमची,
ताई